भट्टीचं अस्तर विकत आणून भागणार नाही

कोळशाचा गॅस करून त्यावर वीज, खत, मिथेनॉल आणि लोखंड काढण्याच्या योजनांची तरफदारी करणाऱ्यांकडे एक ठरलेलं उत्तर असतं. तंत्र दीडशे वर्षं जुनं आहे, जगभर सिद्ध झालेलं आहे, कोळसा आपल्याकडे भरपूर आहे, आता उभारणीला लागायचं एवढंच उरलं. गॅसिफायरच्या आतल्या विटा किती दिवस टिकतील, असं कुणी विचारलं, तर ते काम ठेकेदाराचं, विटा बाजारात मिळतात, असं म्हणून पुढच्या स्लाइडकडे जातात. माझं भांडण या उत्तराशी आहे.

मी मिरजगावचा. आमच्या कर्जत तालुक्यात खाली काळा पाषाण आहे, कोळशाचा कणही नाही. तेव्हा हा चंद्रपूरचा विषय, नगर-सोलापूर रस्त्यावरच्या माणसानं त्यात कशाला पडावं, असं कुणी म्हणेल. पडायची कारणं दोन. एक, यात सरकारी पैसा आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं कोळसा आणि लिग्नाइटच्या वायूकरणाला ८,५०० कोटी रुपयांचं प्रोत्साहन मंजूर केलं. २०३० पर्यंत वर्षाला १० कोटी टन कोळशाचा गॅस करायचं उद्दिष्ट आहे. दुसरं कारण जास्त घरचं. माझी उमेदीची वर्षं साखर कारखान्यांच्या बॉयलरवर गेली, आणि भट्टीच्या आतलं लायनिंग ढासळलं की काय होतं, हे मी बाहेर उभं राहून पाहिलेलं नाही.

आधी ते 'दीडशे वर्षं जुनं' घेऊ. मुंबईत १८६५ मध्ये रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. तो गॅस लालबागच्या कारखान्यात कोळशापासूनच निघायचा, आणि तिथल्या गॅस कंपनी लेनचं नाव जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. पण तिथं काय चालायचं? बंद नळकांड्यात कोळसा भरायचा, बाहेरून धग द्यायची, कोळशातला वायू बाहेर पडायचा आणि मागे कोक उरायचा. दाब जवळजवळ नाहीच. कोळशातली राख कोकमध्येच अडकून राहायची, नळकांड्याच्या भिंतीला तिचा उपद्रव फारसा नसे. साध्या अग्निमृत्तिकेच्या भिंती त्याला पुरत. आज ज्याला वायूकरण म्हणतात त्यात कोळशाचा कणन् कण प्राणवायू आणि वाफेशी भिडवून त्याचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन करतात, मागे राख तेवढी राहते. राख वितळवणाऱ्या प्रकारच्या गॅसिफायरमध्ये तापमान साधारण १,३२५ ते १,५७५ अंश सेल्सिअस असतं आणि दाब हवेच्या वीस ते सत्तर पट. लालबागच्या पुण्याईवर या भांड्याची हमी देणं म्हणजे बैलगाडी चालली होती म्हणून विमान उडेल असं सांगणं.

या भांड्यात वीट कशी मरते, हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण 'विटा बाजारात मिळतात' म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा वितळणारी वीट असते. वीट वितळत नाही. वितळते ती राख. ती काचेसारखी पातळ होऊन भिंतीवरून खाली ओघळते आणि ओघळताना विटेच्या सूक्ष्म छिद्रांत शिरते. वीट आतून बाहेर थंड होत जाते, म्हणून ठरावीक खोलीवर हा रस थिजतो. आता विटेचे दोन भाग झाले, रस प्यालेला पुढचा थर आणि कोरडा मागचा. तापल्यावर दोघं सारखे फुगत नाहीत. भट्टी बंद केली, पुन्हा पेटवली, की दोघांच्या सीमेवर भिंतीला समांतर चीर पडते आणि एके दिवशी पुढचा थर पापुद्र्यासारखा सुटून पडतो. झीज हळूहळू होते असं धरून आखलेलं वेळापत्रक तिथंच कोलमडतं, कारण काल पूर्ण जाडीची असलेली भिंत आज बरीच पातळ झालेली असते.

त्यात वायूचा स्वभाव वेगळा. साध्या बॉयलरमध्ये प्राणवायू जास्त असतो, इथं तो मुद्दाम कमी ठेवलेला. मोकळा हायड्रोजन सिलिकायुक्त विटेतला सिलिका वायुरूप करून पळवतो. भिंतीच्या मागच्या, तुलनेनं थंड, पाचशे-सहाशे अंशांच्या पट्ट्यात कार्बन मोनॉक्साइड विटेतल्या लोहाच्या कणांवर बसून काजळी धरतो. ती काजळी विटेच्या पोटात वाढते आणि वीट आतून फुटते. म्हणून अशा ठिकाणच्या विटेत लोह किती, हे आधी बघतात. त्यातून गॅसिफायरच्या पोटातलं तापमान मोजणारी थर्मोकपलंही त्याच रसात सापडून लवकर मरतात. मग चालवणारा अंदाजावर येतो. रस घट्ट होऊन खालचं तोंड बुजू नये म्हणून तो तापमान थोडं वर ठेवतो, आणि ते थोडं वर ठेवलेलं तापमान विटेच्या आयुष्यातून वळतं होतं.

यावर जगानं काढलेला तोडगा म्हणजे क्रोमियम ऑक्साइडच्या विटा. साठपासून पंच्याण्णव टक्क्यांपर्यंत क्रोमिया असलेल्या. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेनं ओरेगॉनमधल्या ऑल्बनी इथं वर्षानुवर्षं खपून त्यात फॉस्फेट मिसळलं, म्हणजे रस आत शिरणं कमी होईल. काम चांगलं झालं. तरीही अशा भट्ट्यांच्या सर्वांत तापलेल्या भागातल्या विटांचं आयुष्य तीन महिन्यांपासून तीनेक वर्षांपर्यंत कुठंही असतं, अशीच नोंद आहे. नवं अस्तर घालायचं तर दहा लाख डॉलर आणि वर, शिवाय एक-दोन आठवडे भट्टी थंड. वीज विकणाऱ्याला त्या आठवड्यांची किंमत विटांहून मोठी पडते. साखर कारखान्याला हे परवडतं, कारण हंगाम संपला की आमच्याकडे ऑफ-सीझन असतो, बॉयलर उघडायचा, ढासळलेलं उकरायचं, नवं बसवायचं. वीजकेंद्राला ऑफ-सीझन नसतो.

मग त्याच विटा आणा की, असं म्हणणाऱ्यांनी राखेचं गणित एकदा कागदावर मांडावं. आपल्या दगडी कोळशात राख पस्तीस ते पंचेचाळीस टक्के. चाळीस टक्के राखेचा आणि किलोमागे ३,६०० किलोकॅलरी उष्णतेचा कोळसा धरा. दहा लाख किलोकॅलरी उष्णता मिळवायला तो सुमारे २७८ किलो लागेल आणि त्यातून १११ किलो राख निघेल. दहा टक्के राखेचा, ६,००० किलोकॅलरीचा परदेशी कोळसा तेवढ्याच उष्णतेला १६७ किलो लागेल, राख सतरा किलो. म्हणजे त्याच उष्णतेसाठी आपल्या भट्टीच्या भिंतीवरून साडेसहा पट रस वाहणार. तोही सहजी वाहणारा नाही. आपल्या राखेत सिलिका आणि ॲल्युमिना जास्त, ती वितळायलाच बहुतेक वेळा चौदाशे-पंधराशे अंशांच्या पुढं जावं लागतं. ती पातळ करायला चुनखडी टाकावी, तर राखेचं रसायन बदलतं. शिवाय चुना आणि क्रोमिया गरम असताना हवेच्या संपर्कात आले, की विषारी सहा-संयुजी क्रोमियम तयार होण्याची वाट मोकळी होते. भट्टी थंड करताना आणि जुन्या विटा काढताना नेमकी हीच वेळ येते. क्रोमाइटच्या खाणींजवळचं पाणी या विषानं कसं बिघडतं, हे ओडिशातल्या सुकिंद्यात दिसलेलं आहे. वापरलेल्या विटांचा ढीग कुठं टाकणार, हा प्रश्न निविदेत विचारलेला मी पाहिलेला नाही.

महाग ते टिकाऊ, हा समज धातूंच्या बाबतीतही असाच फसवा आहे. विमानाच्या इंजिनात निकेलच्या मिश्रधातूंना तोड नाही. पण गंधकयुक्त गॅसमध्ये निकेल आणि त्याच्या सल्फाइडची जोडी साधारण ६४० अंशांपाशी वितळते. म्हणजे हजार अंश सोसणारा धातू गंधकाच्या संगतीत निम्म्या वाटेवर पाघळतो. आपल्या कोळशात, आसामचा सोडला तर, गंधक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. इथं आपण सुदैवी आहोत. परदेशी भट्टीनं गंधकाच्या भीतीनं जिथं खर्च केला तिथं आपल्याला तो वाचवता येईल, आणि तिनं राखेकडे जिथं दुर्लक्ष केलं तिथं आपल्याला खर्च वाढवावा लागेल. आयात केलेल्या नकाशात या दोन्ही गोष्टी उलट्या बसलेल्या असतात.

भारतीय अभियंत्यांना हे फार आधी कळलं होतं, म्हणून तर त्यांनी राख न वितळवणारा रस्ता धरला. भेलनं तिरुचिरापल्लीत ६.२ मेगावॉटचं एकत्रित-चक्र प्रात्यक्षिक केंद्र उभारलं आणि तिथं दाबाखालच्या तरंगत्या थराच्या गॅसिफायरवर काम केलं, सुमारे हजार अंशांच्या आत. हैदराबादेत त्याच घराण्याच्या दिवसाला १.२ टन कोळसा खाणाऱ्या लहान गॅसिफायरमधून २०२२ च्या सुरुवातीला दिवसाला पाव टन मिथेनॉल निघालं, तेही जास्त राखेच्या कोळशातून. मात्र यानं अस्तराचा प्रश्न मिटला, असं जे सांगतात तेही अर्धंच सांगतात. रस गेला, त्याच्या जागी घासणी आली. आपल्या राखेत क्वार्ट्झचे धारदार कण आहेत, पोलादाहून कठीण. औष्णिक केंद्रांत इकॉनॉमायझरच्या नळ्या याच कणांनी झिजतात, हे कोराडी, चंद्रपूर, भुसावळ इथल्या कुणालाही विचारा. तरंगत्या थरात हे कण सतत घुमतात, आणि गॅसमधले कण वेगळे करणाऱ्या सायक्लोनच्या वळणावर तर भिंतीवर वाळूचा मारा केल्यासारखे आदळतात. तिथं क्रोमियाची वीट उपयोगाची नाही. तिथं दाट, घासणी सोसणारं कॅस्टेबल, म्हणजे काँक्रीटसारखं ओतून बसवायचं अस्तर, लागतं, नीट बसवलेले अँकर लागतात. म्हणजे वेगळी भट्टी, वेगळा शत्रू, वेगळं अस्तर.

आता समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा. ओडिशात अंगुलला जिंदालचा पोलाद कारखाना जास्त राखेच्या देशी कोळशाचा गॅस करतो आणि त्यावर स्पंज आयर्न काढतो. मग अडलं कुठं? अडलं नाही, हे मान्यच. पण तो गॅसिफायर लुर्गी जातीचा आहे. त्यात राख वितळवत नाहीत, खालच्या जाळीवरून कोरडी काढतात, आणि भांड्याला दुहेरी भिंत असून मधे पाणी खेळतं. त्याची किंमत वेगळ्या खात्यात मोजावी लागते. ढेकळाच्या आकाराचा निवडक कोळसा हवा, भुकटी चालत नाही, आणि गॅससोबत डांबर आणि फिनॉलचं घाण पाणी निघतं. अंगुल चाललं, कारण राखेला जुळेल असं भांडं निवडलं. माझं म्हणणं याहून काय वेगळं आहे? उलट पुरावा हवा तर रामागुंडम आणि तालचेर बघा. तिथले कोळशावरचे खत कारखाने १९८० च्या सुमारास सुरू झाले, राख वितळवणाऱ्या कॉपर्स-टोटझेक पद्धतीवर, आणि १९९९ मध्ये बंद पडले. कारणं पुष्कळ होती, विजेपासून यंत्रांपर्यंत. पण जास्त राखेचा कोळसा त्या यादीतून कुणालाही खोडता येणार नाही.

परदेशात तरी सगळं सिद्ध आहे का? अमेरिकेत मिसिसिपीतलं केंपर केंद्र कोळशाच्या गॅसवर वीज करणार होतं. तीन अब्ज डॉलरच्या आत होईल म्हणून सांगितलेलं काम साडेसात अब्जांपर्यंत गेलं. जून २०१७ मध्ये कंपनीनं गॅसिफायरचा नाद सोडला आणि केंद्र नैसर्गिक वायूवर चालवायला घेतलं. २०२१ मध्ये ती गॅसिफायरची इमारत सुरुंग लावून पाडली. शेवटच्या दिवसांत कंपनीनं जे जाहीर केलं त्यात एक गोष्ट अशी होती, की गॅस थंड करणाऱ्या भागातले सुपरहीटर ठरल्यापेक्षा बऱ्याच लवकर बदलावे लागणार. धातू टिकला नाही, एवढाच त्याचा अर्थ. एकट्या सुपरहीटरनं केंपर बुडालं असं मी म्हणत नाही. पण ज्याला तुम्ही ठेकेदाराचं काम म्हणता, ते बुडणाऱ्या प्रकल्पाच्या शेवटच्या कागदावर आलं. नेदरलँड्समधलं बुगेनुम केंद्र वेगळ्या वाटेनं गेलं. त्यानं विटांऐवजी पाण्यानं थंड केलेली नळ्यांची भिंत वापरली, जिच्यावर राखेचा रस थिजून स्वतःच अस्तर बनतो. युक्ती सुरेख आणि टिकाऊ. पण भांडं महाग, आणि आपल्यासारखी साडेसहा पट राख आली की ती वितळवण्यातच उष्णता जाते. तेही केंद्र २०१३ मध्ये बंद झालं, मुख्यतः हिशेब जुळेना म्हणून.

इथं दुसऱ्या टोकाची मंडळी टाळ्या वाजवतील. सौर वीज इतकी स्वस्त झाल्यावर कोळशाच्या गॅसवर वीज करायचीच कशाला, हा त्यांचा प्रश्न. नुसत्या विजेपुरतं मी त्यांच्याशी सहमत आहे. विजयवाड्याला भेलच्या तंत्रावर सव्वाशे मेगावॉटचं केंद्र होणार, अशी चर्चा पंधरा-सोळा वर्षांपूर्वी जोरात होती. ते उभं राहिलं नाही, आणि आज ते पुन्हा काढावं असं मला वाटत नाही. पण म्हणून विटांचा प्रश्न रद्द होत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला जे प्रकल्प येऊ घातलेत ते विजेचे नाहीत, रसायनांचे आणि लोखंडाचे आहेत. गॅसिफायरच्या पोटात जे घडतं ते गॅस पुढं टर्बाइनला जातो की अमोनियाच्या कारखान्याला, यावर अवलंबून नसतं. भिंतीला दोन्ही सारखेच.

समोरच्या इंधनाला जुळेल असं भांडं आखण्याची गोष्ट आमच्या भागाच्या जवळही एकदा घडून गेली आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात उसाचं पाचट, चिपाड, बाजरीचं सरमाड असल्या हलक्या काडीकचऱ्यावर चालणारा गॅसिफायर तयार केला. तासाला १,०८० मेगाज्यूल उष्णता देणारा. प्रयोगशाळेत तो सातशेहून अधिक तास चालवला आणि मग एका कारखान्यात तेलावर चालणाऱ्या भट्टीला जोडून दाखवला. पाचटाच्या राखेत सिलिकाबरोबर पोटॅश असतं, म्हणून ती कोळशाच्या राखेच्या अगदी उलट वागते, कमी उष्णतेतच चिकट होते आणि क्लिंकर धरते. चिपाडाच्या बॉयलरवर काम केलेल्या प्रत्येकानं तो पहारीनं फोडलेला असतो. फलटणच्या लोकांनी तयार नकाशा आणून त्यात पाचट कोंबलं नाही. समोरच्या काडीकचऱ्यावरून भांडं आखलं, तास मोजले आणि निकाल छापला. या कामाला पंचवीस वर्षं उलटून गेली, आणि हजारो कोटींच्या योजनेत मला तेवढी साधी शिस्त सापडत नाही. ८,५०० कोटींपैकी ४,०५० कोटी सरकारी कंपन्यांच्या मोठ्या प्रकल्पांना, ३,८५० कोटी दुसऱ्या गटाला, आणि प्रात्यक्षिकं व लहान प्रकल्प मिळून ६०० कोटी. शिकण्याच्या खात्यावर चौदातला एक रुपया.

संशोधकांना कितीही वेळ दिला तरी पुरत नाही, चाचण्यांसाठी थांबलो तर २०३० उलटून जाईल, हा आक्षेप मला माहीत आहे. पण मी थांबायला सांगतच नाही. विटेत खड्डा करून त्यात खाणीची राख भरायची, भट्टीत ठरलेले तास ठेवायची, मग वीट कापून रस किती आत गेला ते मोजायचं, ही चाचणी काही दिवसांची. फिरत्या पिंपात राखेचा रस सतत बदलत ठेवून करायची चाचणी काही आठवड्यांची. घासणीची त्याहून सोपी. कोलकात्याची काच व सिरॅमिक संशोधन संस्था आहे, जमशेदपूरची राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळा आहे, नागपुरात व्हीएनआयटी आहे. प्रकल्पाची जमीन मोजायला लागतो त्याहून कमी वेळात हे उरकतं.

आणि चांगली वीट मिळाली तरी ती लावणारा माणूस? या बाबतीत कुठल्याच बाजूचं कुणी बोलत नाही. फायर ब्रिकचा सांधा दोन मिलिमीटरच्या आत हवा, प्रसरणाची फट ठरल्या जागी हवी. कॅस्टेबलमध्ये पाणी मापानं घालायचं, हातानं नाही. त्याहून नाजूक काम वाळवणीचं. नवं अस्तर तासाला ठरावीक अंशानंच तापवायचं असतं, मधे तासन्‌तास एकाच तापमानावर थांबायचं असतं, म्हणजे आतलं पाणी वाफ होऊन शांतपणे निघून जातं. एका कारखान्यात गाळप सुरू करायची घाई होती, वाळवणीचा तक्ता गुंडाळून ठेवला आणि धग वाढवली. आतली वाफ कोंडली आणि छताकडचं कॅस्टेबल तोफ सुटल्यासारखं फुटलं. माणसं त्या वेळी बाहेर होती, म्हणून ती गोष्ट आज सांगता येते. हे काम करणारे गवंडी कर्जत, जामखेड, आष्टीकडचेही आहेत. त्यांना प्रमाणपत्र नाही, रोजंदारी गवंड्याची, आणि काम असं की चुकलं तर कोट्यवधींचं भांडं बंद. गॅसिफायरमध्ये हीच चूक दाबाखाली होईल.

भद्रावतीच्या प्रकल्पांना पैसा देणाऱ्यांकडे माझी मागणी म्हणून छोटी आणि मोजता येणारी आहे. माजरी, वणी, बल्लारपूर इथल्या ज्या खाणींचा कोळसा जाणार, त्यांच्या प्रत्येक थराच्या राखेवर अस्तराची चाचणी आधी व्हावी. खाण बदलली, थर बदलला की राख बदलते, म्हणून राखेचं प्रमाण आणि घटक कुठून कुठपर्यंत हलू शकतात ते कराराच्या मुख्य मजकुरात आकड्यांनी असावं, नाहीतर अस्तर गेल्यावर विटा विकणारा कोळशाकडे बोट दाखवेल आणि कोळसा विकणारा भट्टी चालवणाऱ्याकडे. लायनिंगच्या गवंड्यांना प्रशिक्षण आणि वाळवणीच्या तक्त्यावर सही करायचा, म्हणजेच सही नाकारायचाही, अधिकार मिळावा. आणि अस्तर किती तास चाललं, कुठं किती झिजलं, काढलेल्या विटा कुठं पुरल्या, हे प्रत्येक वेळी भट्टी थांबली की जाहीर व्हावं. अनुदानाचा शेवटचा हप्ता त्या नोंदीला बांधलेला असावा.